जलपर्णीखालचं पाणी

तळ्यातली जलपर्णी काढायला पाण्यात उतरण्याआधी आप्पा काठावरच्या प्रत्येक मजुराचं नाव घेत आणि ‘हाय’ ऐकल्याशिवाय पुढं सरकत नसत. बाहेर आल्यावर पुन्हा तेच. घरची मेंढरं विकून वर्षं झाली होती, तिन्हीसांजेला मोजायची सवय राहिली होती. मी ग्रामपंचायतीचा कारकून. कोरड्या कपड्यांत असलो तरी माझंही नाव घेत.

जलपर्णी तुम्हीही पाहिली असेल. लांबून हिरवं शेत, वर जांभळी फुलं. एकदा आप्पांनी मला तिच्यात दगड टाकायला लावला. पानं हलली, मिटली, झालं.

“उघड्या पाण्यात मानूस पडलं तर लाटा तरी उठत्यात, भाऊसाहेब. हितं कायबी उठत न्हाई.”

तेव्हापासून मी काठापासून चार पावलं मागं उभा राहू लागलो.

तळं साफ करायच्या कामाचं उद्घाटन काम निम्मं झाल्यावर झालं. पाहुण्यांनी कोरा विळा उचलून फोटो काढला. भाषणात जलपर्णी विकासाची शत्रू ठरली. ती ऐकत तरंगत राहिली. पाहुण्यांची जीप गेली. आप्पांनी नावं घेतली. दत्तूनं ओ दिली नाही.

दत्तू माझा चुलतभाऊ, कामावरचा मजूर. त्याचा ओला सदरा काठावर पडला होता. गेला असेल घरी, कुणीतरी म्हणालं.

“आसंल बी,” आप्पा म्हणाले. “पर मला कसं कळायचं?”

त्यांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि बुडी मारली. डोक्यावर हिरवं मिटलं. केसांत मुळ्या घेऊन ते वर आले, श्वास घेतला, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा दोर सरकायचा थांबला. मी ओढला, येईना. मग सगळ्यांनी मिळून ओढला. आप्पा आले तेव्हा गळ्याभोवती मुळ्यांचा पीळ होता आणि ओठ काळेनिळे.

ते श्वास गोळा करत असतानाच दत्तू आला. फोटोसाठी आणलेला दुसरा, धुतलेला सदरा घातलेला, तोंडात पान. पाहुण्यांच्या जीपमधून केडगावला जाऊन आला होता. मी हात उगारला.

आप्पांनी त्याचं मनगट धरलं. “आलास व्हय? बस हितं.”

एरवी सगळ्यांची टर उडवणारा दत्तू बसला. पान चघळायचंही विसरला.

आप्पा त्यानंतर पाण्यात उतरले नाहीत. वर्षाच्या आत घरीच, खाटेवर गेले. तळं परत काठोकाठ हिरवं झालं आहे.

दत्तू आता दुकानापर्यंत जायचं तरी घरात सांगून जातो. घरात कुणी नसलं, तर थांबतो.