सपाट चमचा

करडानं सकाळपासून लघवी केली नव्हती आणि मापकाकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते पाठ ताणून उभं राहायचं, कण्हायचं, शेपटी थरथरवायचं; खालचा पेंढा कोरडाच. बिनआईचं बोकडाचं पिल्लू, काकूंनी बाटलीनं दूध पाजून जगवलेलं.

मापकाकू हे नाव गल्लीनं ठेवलेलं, थोडं कौतुकानं, थोडं वैतागानं. मापाशिवाय शेळीच्या तोंडात काही जायचं नाही. यीस्टची चिमूट कोमट पाण्यात फुगवून खुराकात; खनिजांची पावडर चमच्यानं, तीही बोटानं सपाट करून. शिस्त मूळची सासऱ्यांची. लग्न होऊन आल्या तेव्हा काकूंना शेळी कुठून धरावी तेही ठाऊक नव्हतं. चमचा हातात देऊन त्यांनीच शिकवलं. अति तिथे माती, हे दिवसातून दहादा ऐकवायचे. स्वतः जेवताना मात्र सोयीनं विसरायचे.

काकूंनी डॉक्टरांना फोन लावला. पावडर किती देता, हाच त्यांचा पहिला प्रश्न. रोज सकाळी एक सपाट चमचा, काकूंनी ठणकावून सांगितलं. जास्त झाली तर बोकडाच्या लघवीच्या वाटेत खडे अडकतात, डॉक्टर म्हणाले, जनावर हातचं जातं. निघालोच आहे, तोवर काही खाऊ घालू नका.

काकूंनी डबा उघडला. परवा काठोकाठ भरलेला डबा अर्ध्यावर आला होता. संशय आधी नवऱ्यावर. मनातल्या मनात त्याच्यावर तोंडसुख घेतच त्या गोठ्यात परतल्या. करडापाशी सासरे उकिडवे बसले होते, हातात भरलेला चमचा.

“बाबा, काय करताय?”

“सकाळची पावडर राहिली गं. म्हटलं, तू विसरलीस, आपण देऊ.”

“मघाशी पण दिलीत का?”

“छे, आज ही पहिलीच.”

सकाळची पावडर काकूंनी केव्हाच दिली होती. चमचा अगदी सपाट होता, कणभरही जास्त नाही. करडाची धास्ती होतीच. आता तिच्याहून मोठी धास्ती काकूंच्या समोर बसली होती. आपल्या हातून काय झालं हे कळलं, तर हा माणूस पुन्हा गोठ्यात पाऊल टाकणार नाही. आणि गोठ्याशिवाय त्यांना दुसरं होतं काय? काकूंनी हळूच चमचा काढून घेतला.

डॉक्टरांनी येऊन लघवीच्या वाटेच्या टोकाशी अडकलेला खडा काढला आणि धार थेट त्यांच्या बुटांवर गेली. काकूंना रडूच फुटलं. जास्त पावडर कोणी घातली, डॉक्टरांनी कडक आवाजात विचारलं.

“माझंच माप चुकलं,” काकू म्हणाल्या.

“किती वर्षं सांगतोय,” सासरे कडाडले, “अति तिथे माती.”

काकूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

आता खरी पावडर कपाटात कुलपाआड असते. डब्यात वाळल्या गवताचा बारीक भुगा. सासऱ्यांना हल्ली दिसतंही कमीच. दिवसातून चार-पाचदा गोठ्यातून हाक येते, पावडर राहिली वाटतं गं?

“राहिली बाबा, तुम्हीच द्या,” काकू म्हणतात, आणि ते बोटानं चमचा सपाट करतात.