बोटातली साखर, नसेतली साखर

"सिस्टर, अंकल का झोला देखो. खोवे की जलेबी निकलेगी."

डॉक्टर हसले. मागचे तीन शिकाऊ डॉक्टरही हसले. वरिष्ठ हसले की हसायचं, हे त्यांच्या अभ्यासक्रमातच असावं. सिस्टरने साऱ्या ओपीडीसमोर माझी पिशवी टेबलावर उलटी केली. टॉवेल, चष्मा, वाचनालयाचं पुस्तक, दोन कोरड्या पोळ्या.

बोटातल्या थेंबावर यंत्राने साखर दोनशे शहाऐंशी दाखवली होती. मी मात्र साखर उतरल्यासारखा घामाने निथळत होतो.

"मैंने मीठा छुआ भी नहीं."

"मशीन झूठ नहीं बोलती, अंकल. मरीज बोलता है."

इन्सुलिन वाढवलं. मी मुकाट घेतलं. लाज वाटते ती याची.

माझं डायलिसिस पोटातून, घरीच. दिवसातून चारदा औषधी पाण्याची थैली लावायची, उतरवायची. दोन्ही मीच. बायको गेल्यापासून कांचघर मोहल्ल्यातल्या माझ्या दोन खोल्यांत आवाज येतो तो शेजारच्या कुकरचा. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात कोसळलो. हाक मारणार कोणाला? डबा ओढून साखर चाटली, तेव्हा कुठे बोटं आपली वाटू लागली. मग घरच्या तसल्याच यंत्रावर बघितलं. दोनशे चाळीस. चिमूटभर साखरेने एवढी चढत नाही.

तीस वर्षं मी फॅक्टरीत गेज तपासले. माल मापात बसत नसेल तर मालावर ठपका ठेवण्याआधी गेज तपासायचं, हा तिथला पहिला धडा. आणि इथे मी स्वतःलाच चोर मानून बसलो होतो.

पुढच्या भेटीला पुन्हा घाम, पुन्हा मोठा आकडा. डॉक्टरांनी डोस वाढवून लिहायला पेन उचललं. मी उभा राहिलो.

"पहले नस का खून लैब भेजिए."

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं. सुई मुझे लगती है."

सिस्टरने कोणाला न विचारता नळी भरली आणि लगेच साखरपाण्याचा ग्लास हातात दिला. हळूच म्हणाली, "काका, तुम्ही बरोबर बोलून राहिले."

लॅबची साखर आली बावन्न. थैलीतल्या पाण्यातून रक्तात उतरणारी वेगळी साखर हे यंत्र खरी समजून मोजतं, असं डॉक्टरांनी समजावलं. शिकाऊंना. मला नाही. 'इंटरेस्टिंग केस' म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

मला त्यांची माफी नको. या पाण्याला न फसणारं यंत्र पाहिजे, आणि दर भेटीला नसेच्या रक्ताशी त्याचा ताळा. तोवर नुसत्या आकड्यावर कोणी सुई घेऊन आलं, तर हात माझा आहे. मी तो पुढे करणार नाही.