विजेच्या शेगडीवरची भाकरी

कतारमधला फुटबॉलचा वर्ल्ड कप महिन्या-दीड महिन्यावर आला होता तेव्हाची ही गोष्ट. मी हमद पोर्टवर कंटेनरच्या कामात होतो. हॉटेलांच्या गाद्यांपासून स्टेडियमबाहेरच्या कुंपणांपर्यंत सगळं समुद्रातून येत होतं, आणि जे येत होतं ते कालच हवं होतं. बायको उत्तरेकडच्या एका गॅस प्लांटमध्ये इंजिनियर. तिच्या शिफ्ट वेगळ्या, माझ्या वेगळ्या. अल हिलालमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिघंही एकदम जागे असायचो ते बहुधा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी.

तिसरी म्हणजे आमची मुलगी. अकरा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी, शाळेच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत सांगायचं, असा घरचा कारभार होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर सवय झाली होती.

स्पर्धेच्या काळात शाळांना मोठी सुट्टी मिळणार होती. त्याआधी शाळेनं एक मेळा ठरवला. प्रत्येक मुलानं आपल्या घरचा एक पदार्थ तिथं येऊन, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं करायचा. दोघादोघांच्या जोड्या चालतील. पालक येऊ शकतात, पण दोरीच्या बाहेर थांबतील आणि कशालाही हात लावणार नाहीत.

मुलीनं ही बातमी जेवताना सांगितली. बायको रत्नागिरीची. ती लगेच म्हणाली, "घावन कर. सोपे आहेत, दिसतातही छान."

मुलगी मान हलवून माझ्याकडे बघत इंग्रजीत म्हणाली, "बाबा शुक्रवारी ते हातानं टप टप करतो ना, ते करायचंय."

"भाकरी?" मी विचारलं.

"हां, ती. ती बघायला मजा येते."

मी लातूरकडचा. भाकरी मला माझ्या थोरल्या बहिणीनं शिकवली. आई आजारी होती, ताईची परीक्षा होती, आणि घरात तिसरं कुणी नव्हतं. तेव्हापासून हात बसला तो बसलाच. इथंही आठवड्यातून एकदा मी परात काढायचो. मुलगी ताटातली भाकरी अर्धीच खायची, पण थापताना मात्र ओट्याशी येऊन उभी राहायची. तिला त्यात इतका रस असेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिची जोडीदार शेजारच्या बिल्डिंगमधली, पुण्याच्या कुटुंबातली. ती पिठलं करणार असं दोघींनी परस्पर ठरवूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईचा मला फोन आला. बाई बोलायला गोड, पण मुद्द्याची.

"भाऊ, भाकरी-पिठलं आपल्याला आवडतं हो. पण तिथं लोक केक घेऊन येणार, सुशी घेऊन येणार. करडी भाकरी आणि पिवळं पिठलं कोण बघणार? पोरी हिरमुसतील."

मी म्हटलं, "त्यांनीच ठरवलंय. बघू या."

फोन ठेवल्यावर मलाही वाटलं, बाई बोलतात ते अगदीच चूक नाही.

पहिला सराव वाईट गेला. घरात ज्वारीच्या पिठाचं पाकीट होतं, पण कधीचं कोण जाणे. मुलीनं मळलं, गोळा केला, थापायला घेतला आणि कडा फाटत गेल्या. पुन्हा गोळा, पुन्हा फाटणं. उचलायला गेली की भाकरीचा एक तुकडा हातात आणि दुसरा परातीत.

"पिठाची विरी गेलीय," मी म्हणालो.

"व्हॉट इज विरी?"

मला सांगता येईना. पीठ ताजं असतं तेव्हा त्याच्यात एकमेकाला धरून ठेवायची जी ताकद असते ती, असं काहीतरी मी सांगितलं. तिनं इंग्रजी शब्द विचारला. बायकोनं चार-दोन शब्द सुचवले, पण एकही नीट बसेना. शेवटी मुलगी म्हणाली, "ओके. विरी." आणि विषय मिटला. त्या दिवसापासून तो शब्द घरात राहायला आला.

उकळतं पाणी घालून जुनं पीठ थोडं सावरता येतं. तेही केलं, पण तिला ते पसंत पडेना. ताजं पीठ कुठं मिळेल, हाच प्रश्न. पुढच्या शुक्रवारी मी तिला गाडीत घालून एशियन टाउनला नेलं. इंडस्ट्रियल एरियातला तो बाजार तिनं कधी पाहिला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडे लागले होते, उंच इमारतींवर खेळाडूंची चित्रं चढत होती, आणि गाडीत माझ्या शेजारी बसलेली ही पोर मला विचारत होती, ज्वारीचा दाणा गोल असतो की लांब.

तेलंगणातली पुष्कळ माणसं इथं कामाला आहेत आणि त्यांच्या घरी ज्वारीची रोट्टे रोजची. त्यामुळे किराणा दुकानात अख्खी ज्वारी पोत्यानं होती. मुलीनं मूठभर दाणे हातात घेतले, वास घेतला, एक चावून पाहिला. दुकानदारानं मसाले दळून देणाऱ्या एका गिरणीचा पत्ता दिला. गिरणीवाला मल्याळी. मी हिंदीत म्हटलं, "भाई, मिर्ची के बाद मत पीसना." तो हसला. आधी मूठभर तांदूळ घालून जातं साफ केलं आणि मग आमची ज्वारी टाकली. पीठ बाहेर आलं ते गरम होतं. मुलीनं पिशवी मांडीवर घेतली आणि घरी येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली.

त्या पिठाची भाकरी फाटली नाही.

मग रोज संध्याकाळी थापणं सुरू झालं. तळहातानं पीठ रगडायचं, गोळा परातीत ठेवायचा, बोटं जवळ धरून कडेकडेनं थापत तो फिरवायचा. तिचा हात गोलकीपरचा होता, भक्कम आणि न घाबरणारा. भाकरी उचलून तव्यावर टाकताना माणूस कचरतो, आणि तिथंच ती मोडते. ही कचरली नाही. वरून पाणी फिरवायचं, ते सुकलं की उलटायचं, मग थेट गॅसच्या आचेवर धरायची म्हणजे टम्म फुगते. पहिली फुगली आणि तिनं गॅस बंद केला. फुगलेली भाकरी ताटात घेऊन बायकोच्या खोलीत गेली आणि झोपलेल्या आईला उठवून दाखवली.

आणि बोलणं बदललं. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. काम भरभर चालायचं आणि तेवढ्यात भाषांतर करायला वेळ नसायचा. "बाबा, परात दे." "उलथनं कुठंय?" "पापुद्रा सुटला बघ." एके दिवशी तर ती परातीकडे बघत म्हणाली, "आज कामून चिकटतंय?"

बायको दारात उभी होती. "झालं," ती म्हणाली. "मराठी आली, आणि आली ती थेट लातूरची."

मेळ्याला चार दिवस राहिले आणि शाळेची सूचना आली. मैदानावर गॅस चालणार नाही, फक्त विजेची शेगडी. त्या संध्याकाळी आम्ही एक शेगडी मागून आणली. भाकरी भाजली गेली, पण फुगेना. आचच नाही तर फुगणार कशी?

मी म्हटलं, "नाही फुगली तरी चवीला तीच असते, माय. अशीच देऊ."

"नाही," ती म्हणाली. "फुगली नाही तर ती पूर्ण नाही."

तिनं घरातला सपाट बिडाचा तवा काढला आणि चांगला तापू दिला. भाकरी दोन्हीकडून भाजून झाल्यावर फडक्याची घडी करून ती एका कडेला दाबली. दाबलेल्या जागेसमोर एक लहान फुगा आला. तिनं फडकं थोडं सरकवलं, पुन्हा दाबलं. फुगा पुढे सरकला, मोठा झाला. वाफेला वाट काढून देत देत तिनं ती अख्खी भाकरी तव्यावरच फुगवली. ताई असंच करायची का, ते मला आठवेना. मी तर तिला हे शिकवलं नव्हतं. ते तिचं तिनं शोधलं.

मेळ्याच्या दिवशी मी सुट्टी मागून घेतली होती. संध्याकाळची हवा सुटली होती, मैदानभर देशोदेशीचे झेंडे, आणि दोरीच्या अलीकडे आम्ही पालक. शेजारच्या टेबलावर बदामाच्या पिठाचे गोड मॅकरॉन होते, रंगीबेरंगी, इतके देखणे की मलाही घ्यावेसे वाटले. आमच्या टेबलावर परात, पीठ, तवा, पिठल्याची कढई आणि ठेच्याची वाटी. पुण्याच्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या मॅकरॉनकडे बघत होत्या.

पिठलं झालं. मुलीनं पहिली भाकरी टाकली आणि ती बसलीच. फुगली नाही, वर मधे चीरही गेली. मला दिसत होतं काय चुकलंय. सगळ्यांच्या शेगड्या एकाच वायरवर होत्या, त्यामुळे तवा पुरेसा तापला नव्हता. समोर जमलेली दोन-तीन मुलं पुढच्या टेबलाकडे गेली. माझा पाय दोरीपर्यंत गेला, पण हात खिशात कोंबून मी उभा राहिलो.

तिनं ती भाकरी बाजूला काढून ठेवली. मैत्रीण इंग्रजीत म्हणाली, "लवकर दुसरी टाक, लोक चाललेत."

मुलगी मराठीत म्हणाली, "जाऊ दे. तवा तापू दे."

आणि ती थांबली. मैदानावर सगळीकडे गडबड चाललेली, आणि ही पोर हात मागे घेऊन तव्याकडे बघत उभी. मधेच पाण्याचा एक शिंतोडा टाकून पाहायची. तो उडून चुरचुरला तेव्हा तिनं गोळा घेतला आणि थापायला लागली. टप टप आवाजानं दोघंतिघं वळली. भाकरी तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली, पुन्हा उलटली, आणि तिनं फडकं हातात घेतलं. एक फुगा आला, सरकला, पसरला, आणि भाकरी चेंडूसारखी वर आली. समोरच्या एका लहान मुलानं टाळी वाजवली. मग बाकीच्यांनी.

त्यानंतर आमच्या टेबलासमोर गर्दी हटली नाही. एक कतारी बाई आपल्या मुलांना घेऊन आल्या आणि हे काय म्हणून विचारू लागल्या. मुलीनं रोटीचा अरबी शब्द वापरून सांगितलं, "खुब्ज. आमचा खुब्ज." बाईंनी तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि आपल्या मुलांना म्हणाल्या की आपल्या रगागची, म्हणजे त्यांच्याकडच्या पातळ रोटीची, बहीण दिसते ही.

मग तिचे अरबीचे सर आले. सुदानचे, उंच, कमी बोलणारे. अरबी व्याकरणामुळे ती त्यांना जरा टरकूनच असायची. त्यांनी भाकरीपेक्षा आधी पिठाचं भांडं पाहिलं, बोटावर पीठ घेतलं आणि चाखलं.

"हे कुठलं धान्य?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

तिनं सोबत आणलेल्या अख्ख्या ज्वारीतले चार दाणे दाखवले. सरांनी ते तळहातावर घेतले आणि बराच वेळ तसेच धरले. "हे आमचं धान्य आहे," ते म्हणाले. "माझी आई याच्याच पिठाची पातळ भाकर करते. तुमच्याकडे हे पिकतं, मला माहीतच नव्हतं."

"बाबाच्या गावाला पिकतं," ती म्हणाली.

सर तिथंच उभ्या उभ्या अख्खी भाकरी खाऊन गेले. हिरव्या मिरचीचा ठेचाही घेतला, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा घेतला. जाताना तिला अरबीत काहीतरी म्हणाले. तिनंही अरबीत उत्तर दिलं, न अडखळता.

मेळा संपायच्या आधी आमचं पीठ संपलं. मॅकरॉन अजून उरले होते. पुण्याच्या बाई दोरी ओलांडून गेल्या, दोन्ही मुलींना जवळ घेतलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला याच दोघींना उभं करू. मी चुकले, भाऊ." त्यांनी ते इतक्या मोकळेपणानं म्हटलं की मला त्या एकदम आवडल्या.

मुलगी पिठानं माखलेल्या हातांनी आमच्याकडे आली. बायको शिफ्ट संपवून थेट मैदानावर पोचली होती आणि शेवटच्या चार-पाच भाकऱ्या तिनं पाहिल्या होत्या.

"पाहिलंस, आई?" मुलगी म्हणाली. "सगळ्या फुगल्या. पहिली सोडून."

"पाहिलं," बायको म्हणाली. तिनं मुलीच्या गालावरचं पीठ पुसलं.

स्पर्धा सुरू झाली तेव्हा शाळेला सुट्टी होती आणि गाव पाहुण्यांनी भरलं होतं. आमच्या घरी मॅच बघायला मित्रमंडळी जमायची, आणि पोरगी हौसेनं भाकऱ्या करायची. कुणी इंग्रजीत तारीफ केली तर ती मराठीत पिठाबद्दल सांगत बसायची. अशाच एका दुपारी, सगळे टीव्हीसमोर असताना, ती स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन उभी राहिली.

"तुमच्याकडे तांदळाची करतात ना? ती कशी?"

"ती वेगळी," बायको म्हणाली. "आधी पिठाची उकड काढावी लागते."

"मग काढ ना. आत्ता."

बाहेर कुणीतरी गोल मारला असावा, कारण हॉलमधून मोठा गलका आला. त्या दोघींनी वळूनही पाहिलं नाही. बायकोनं पातेल्यात पाणी ठेवलं, आणि मुलीनं तांदळाच्या पिठाचा डबा उघडला.