आरशातले प्रकल्पग्रस्त

बोनकोड्याच्या सलूनमध्ये टीव्ही मागच्या भिंतीवर आहे, म्हणून तो आरशातच बघावा लागतो. रविवारी सकाळी मी गावाच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या सेक्टरांमधून दाढीला यायचो, तेव्हा शेजारच्या खुर्चीत मूळ गावातले एक म्हातारे बसलेले असायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. दाढी झाली तरी ते उठत नसत, कारण तेव्हा परग्रहांची एक मालिका लागायची. आवाज बंदच असायचा.

मालिकेतली निळ्या कातडीची माणसं खाडीकाठी राहायची आणि आकाशातून हेल्मेटवाले उतरायचे. म्हातारे निळ्यांना ‘आपले प्रकल्पग्रस्त’ म्हणत. सलूनवाला हसायचा, मीही हसायचो. मग ते गळ्यावरून हात फिरवत हळूच म्हणायचे, “आता मोजनी करतील.” आणि हेल्मेटवाले खरंच जमिनीत खुंट्या ठोकायला लागायचे.

“आता देवलाजवलून रस्ता काढतील.” तोही निघायचा.

एकदा मी विचारलं, “बाबा, तुम्ही हे आधी बघितलंय का?”

“बगितलंय ना. तवा टीवी नव्हता.”

परवा हेल्मेटवाल्यांचा चेहरा पहिल्यांदाच दिसणार होता. एकाने हेल्मेटला हात घातला आणि वीज गेली. पंखा थांबला. आरशात टीव्हीचा चौकोन काळा झाला आणि त्याच्याखाली फेसाने पांढरा झालेला माझा चेहरा तेवढा उरला.

म्हातारे त्याच्याकडेच बघत होते.

“सेक्टर कनचा तुजा?” त्यांनी शांतपणे विचारलं.