रत्नाताईंनी राखलेली जागा

रत्नाताई कांबळे कुठलीही वेबसाइट तयार झाली की आधी स्वतःच बंद पाडून बघत. लालबागला आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत त्यांनी लॅपटॉप उघडला, डेटाबेस बंद केला आणि अध्यक्ष तावडेकाकांना म्हणाल्या, "करा आता तुमची जागा बुक."

गणपतीला गावी जाणाऱ्या बसचं बुकिंग त्या वर्षी प्रथमच ऑनलाइन होणार होतं. रत्नाताई भोईवाड्याच्या, माझ्या ऑफिसातल्या. मंडळाचे हिशेब माझ्याकडे, म्हणून मीच त्यांना आणलं होतं. ऑफिसात नव्या मुलांना त्या एकच विचारत, "कोडमध्ये चूक पकडलीस ना? मग कोणाला सांगितलीस?"

काकांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं : जागा राखली गेली नाही. पुन्हा प्रयत्न करा.

काका नाराज झाले. "ताई, आमच्यात बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणतात. देवाच्या कामात 'नाही' कशाला? 'मागणी पोचली, धन्यवाद' टाका."

"पोचली नसली तरी?"

"बाप्पा बघून घेईल."

"त्याच्याकडे सर्व्हरचा पासवर्ड नाहीये, काका."

सगळे हसले, काका हलले नाहीत. "मंडळ तुमचं, पाटी तुमची," म्हणत रत्नाताईंनी 'धन्यवाद' टाकलं. मात्र नोंद न झालेली प्रत्येक मागणी नाव-नंबरासह आपल्या मोबाइलवर येईल अशी सोय केली.

बुकिंग सुरू झालं त्या सकाळी एकदम गर्दी झाली आणि सर्व्हर अडकला. शेजारच्या सावंतकाकी 'धन्यवाद' सगळ्यांना दाखवत होत्या. त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांचं गावचं घर बंद होतं. यंदा त्या गेल्या तरच तिथे गणपती बसणार होता. दुपारी रत्नाताई माझ्या टेबलाशी आल्या. "तुमच्या काकींची जागा झालेली नाही. थोड्याच उरल्यात."

मी तावडेकाकांना फोन केला. जाऊन सांगणं त्यांनाच भाग होतं. मीही ऑफिसातून निघून काकींकडे पोचलो.

"मग तसा तेव्हाच सांगूक नको, भावजी?" काकी म्हणाल्या. "मी घर झाडूक माणूस सांगितलंय."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ताईंना बोलवा. जसं होतं तसं लिहू दे."

रत्नाताई ऑफिसातून थेट आल्या. काकींनी भाड्याचे पैसे काकांपुढून नेऊन त्यांच्या हातात ठेवले. "तू कर गो बाय. झाला तर झाला सांग, नाय तर नाय."

रत्नाताईंनी नोंद केली, पान पुन्हा उघडून नाव पाहिलं, आणि मगच पैसे माझ्याकडे दिले.

"झाली, काकी. खिडकीची."