पोस्ट वाचून आईनं गोळ्या सोडल्या

मंडळी, दवाखान्यातून लिहितेय.

आज सकाळी आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. शुगर भयंकर वाढली होती. डॉक्टरांनी विचारलं, “शुगरच्या गोळ्या घेता ना?”

आई हळूच म्हणाली, “सोडल्या. सुधाक्कानं फेसबुकवर टाकलं होतं, ही पावडर घेतली की गोळ्या नकोत.”

सुधाक्का आमची शेजारीण, एका कंपनीची पौष्टिक पावडर घरून विकते. फोन केला तर रडायलाच लागली. “असं लिहायचं नाही म्हणून कंपनीनं सांगितलं होतं गं. सगळे लिहितात म्हणून मीही लिहिलं.”

तिनं पोस्ट लगेच काढली. आई सावरतेय. पण ती पोस्ट तंजावरपासून जवळच्या पापनाशम गावापर्यंत आमच्या सगळ्या नातेवाइकांत फॉरवर्ड झालीय. जीव त्यानंच धास्तावलाय.

तुमच्या आईनं आज गोळ्या घेतल्या का? आत्ताच विचाराल?