सुभेदाराचं वजन

आमच्या घरात एकूण चार गुडघे आहेत आणि त्यांतले तीन नादुरुस्त आहेत. दोन माझे, दोन सुभेदाराचे. (कुत्र्याच्या पुढच्या पायांना गुडघे नसतात, कोपरं असतात, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.) सुभेदार पॉमेरेनियन आहे. हे भारदस्त नाव माझ्या बायकोने ठेवलं. ती गेली, आणि कोळवणच्या या घरात मी, सुभेदार आणि त्याचं नाव एवढेच उरलो.

गेल्या हिवाळ्यात तो मागचा एक पाय उचलून चालू लागला. पौडच्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. "गुडघ्याची वाटी सरकते. लहान कुत्र्यांत नेहमीचंच. उड्या बंद, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या, आणि या सहा किलोचे साडेचार करा."

माझी मुलगी मुग्धा चांदे गावाकडे एका उंच सोसायटीत राहते. ती म्हणाली, "बाबा, दोन महिने देते. वजन उतरलं नाही तर मी त्याला घेऊन जाणार. आमच्याकडे लिफ्ट आहे."

लिफ्टचा आणि वजनाचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. तो गेल्यावर मी दिवसभर बोलायचं कोणाशी, हेही विचारलं नाही.

पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय; काम पद्धतशीर सुरू केलं. त्याला उडी मारावी लागू नये म्हणून पलंगाचे पाय कापले. (तेव्हापासून सकाळी उठायला मला दहा मिनिटं लागतात.) त्याचं जेवण मोजून. कुत्रा वजनकाट्यावर स्वस्थ उभा राहत नाही, म्हणून आधी एकदा माझं वजन केलं : एकाहत्तर. मग दर रविवारी त्याला कडेवर घेऊन काट्यावर चढायचं आणि एकाहत्तर वजा करायचे. पहिल्यांदा सत्याहत्तर भरले. बाकी सहा. चोख.

पुढे आकडे सुरेख उतरत गेले. साडेपाच, पाच, आठव्या रविवारी चार! तो तसाच लंगडत होता; पथ्याचा गुण वाटीपर्यंत पोचायला वेळ लागत असावा. दिसायलाही तेवढाच, पण ते केसांमुळे. याच सुमारास माझी विजार घसरू लागली, म्हणून पट्ट्याला दोन भोकं पाडली. हल्लीचं चामडं ताणलं जातं.

मुग्धा आली. सुभेदाराला उचलून म्हणाली, "हा चार किलो?"

"केस," मी म्हणालो.

शेजारच्या भामाबाई शेळ्या पाळतात. त्यांनी करडं तोलायचा टांगता काटा आणला, सुभेदाराला फडक्यात बांधून लटकवलं. साडेसहा.

"तुमचा काटा बिघडलाय."

"काटा बरा हाय, मास्तर. तुमी दुपारी झोपला की रोज येतंय हे माज्याकडं. अर्धी भाकरी आन् दूध. म्हनलं, मास्तरांच्या घरात चूल पेटत न्हाई, मुक्या जिवानं तरी का उपाशी ऱ्हावं?"

मुग्धाने मला एकट्याला घरच्या काट्यावर उभं केलं. साडेअडुसष्ट.

"बाबा, तुम्ही जेवत काय होतात?"

"चहा-बिस्किटं. एकट्यासाठी कुकर कुठे लावायचा? आणि तो समोर बसून बघायचा."

सारं गणित बरोबर होतं. फक्त मी स्वतःला कायम धरलं होतं.

मुग्धाने सुभेदाराची गादी गाडीत ठेवली. मी पट्ट्याची भोकं मोजत उभा राहिलो.

"पोरी, त्याला नेऊ नगंस," भामाबाई म्हणाल्या. "मास्तर पार वाळून जातील. भाकरी मी थापतेच की. खानारा बदलू."

गादी परत आली. आता दुपारी भामाबाईंची भाकरी आणि दूध मी खातो. (ताटली तीच आहे. घासलेली आहे, असं त्या म्हणतात.) सुभेदार समोर बसून बघतो. तो साडेपाचावर आला आहे आणि चारही पाय टेकतो.

माझं मात्र अजून सत्तरच. महिनाअखेरीपर्यंत एकाहत्तर भरले नाहीत तर मुग्धा मला घेऊन जाणार आहे. त्यांच्याकडे लिफ्ट आहे.